नेमाडेंवर अभ्यास मंडळ हवे, सत्कार समिती नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला साहित्य संमेलन झाले, मांडव उठला आणि आपल्याकडची पुस्तकांची चर्चाही त्याच्याबरोबर उठली. म्हणून ही सूचना. भालचंद्र नेमाडे यांच्या कादंबऱ्यांचा अभ्यास करणारे मंडळ खान्देशातच निघावे. त्यांचे जन्मगाव सांगवी आमच्या यावल तालुक्यातले, पण १९६३ मध्ये त्यांची पहिली कादंबरी ‘कोसला’ आली तेव्हापासून तिच्यावर लिहिले-बोलले गेले ते बहुतेक पुण्या-मुंबईकडे.

साहित्य संमेलनांची यथेच्छ खिल्ली उडवणाऱ्या लेखकावर मंडळ काढायचे, यात गंमत आहेच. त्यामुळे शाल-श्रीफळ, जयंती सोहळा, नावाचा पुरस्कार हे घटनेतच बाद करावे. नेमाडेंचा देशीवाद, म्हणजे साहित्य आपल्याच मातीतून, परंपरेतून उगवावे हा आग्रह, ज्यांना पटत नाही, त्यांची ‘हिंदू’ ही कादंबरी ज्यांना पाल्हाळिक वाटते, त्यांना पहिल्या बैठकीला आधी बोलवावे. ‘टीकास्वयंवर’ हा समीक्षाग्रंथ लिहिणाऱ्याच्या मंडळात टीका नको म्हणणे शोभणार नाही.

काम मात्र भरपूर आहे. आमच्या वाचनालयातल्या ‘कोसला’च्या प्रतीत नायकाच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूची पाने हाताळून हाताळून मऊ पडली आहेत. समासात कुणीतरी पेन्सिलीने ‘आमच्याकडेही असंच’ असे लिहिले आहे, त्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘खोटं’. अशा प्रती गावोगाव असतील, त्या रद्दीत जाण्याआधी गोळा कराव्यात. आवृत्त्या शेजारी ठेवून पाठ ताडून पाहावेत. ‘हिंदू’चा नायक खंडेराव याच्या मोरगावातले खळे, भाऊबंदकी, बायकांच्या ओव्या यांबद्दल सांगू शकणारी, लेवा गणबोली ही इकडची बोली अजून जिभेवर असलेली म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. हे काम पुण्यात बसून होणारे नाही.

इंग्रजी कादंबरीकार डिकन्सच्या चाहत्यांनी १९०२ साली लंडनमध्ये मंडळ काढले, १९०५ पासून त्यांचे नियतकालिक निघते आहे. आपल्याला वर्षाला एक अंक काढता आला तरी पुष्कळ. जळगावच्या विद्यापीठाने मराठीच्या संशोधक विद्यार्थ्यांना यात लावले तर ‘कादंबरीतील ग्रामजीवन’ छापाच्या प्रबंधांतून त्यांचीही सुटका होईल. सूत्रे मात्र वाचकांकडेच असावीत, नाहीतर मंडळाची समिती आणि समितीची फाईल होते.

संस्था नोंदवायला कायद्याने सात सभासद पुरतात. वर्गणी मी आजच भरतो. अध्यक्ष कोण, यावरून त्या सातांत दोन तट पडले नाहीत म्हणजे मिळवली.

आपला,
एक वाचक, फैजपूर (ता. यावल)