प्लेटलेटचा काउंट पुरेसा नाही, कोलॅजेनची टेस्ट नीट व्हायला हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

डेंग्यूमुळे प्लेटलेटचा काउंट घराघरांत माहीत झाला आहे. पण काउंट दीड लाखाच्या वर असूनही ज्यांचं रक्त लवकर थांबत नाही असे रुग्ण असतात, आणि त्यांचं निदान वर्षानुवर्षं रखडतं. लहानपणापासून घोळणा फुटतो, दात काढला की दुसऱ्या दिवशीही रक्त येत राहतं, मुलीला पहिल्या पाळीपासूनच अतोनात रक्तस्राव होतो. आणि शस्त्रक्रियेच्या फाईलमध्ये कागद असतो ‘बीटी-सीटी नॉर्मल’चा (बीटी म्हणजे रक्त थांबायला लागणारा वेळ, सीटी म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ). कानाच्या पाळीला टोचून टिपकागदावर मोजलेला बीटी टोचण्याच्या खोलीवर आणि करणाऱ्याच्या हातावर बदलतो; प्लेटलेटचे सौम्य दोष त्यातून सहज निसटतात. काचेच्या केशनळीतला सीटी तर प्लेटलेटच्या कामाबद्दल काहीच सांगत नाही. या दोन आकड्यांवर भिस्त ठेवून ऑपरेशनला हिरवा कंदील दाखवणं बंद झालं पाहिजे.

प्लेटलेट काम करतात का, हे विचारायचं तर त्यांच्यासमोर कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन ठेवावं लागतं. रक्तवाहिनी फाटली की अस्तराखालचं कोलॅजेन उघडं पडतं, प्लेटलेट त्याला चिकटतात, चेतवल्या जातात आणि एकमेकींना धरून गुठळी करतात. लॅबमध्ये हेच घडवून आणण्यासाठी बहुतेक ठिकाणी घोड्याच्या कंडरेतून काढलेलं टाइप १ कोलॅजेन वापरतात. गुस्ताव बॉर्न यांनी १९६२ मध्ये मांडलेली पद्धत आजही प्रमाण मानली जाते: प्लेटलेट असलेला गढूळ प्लाझ्मा ३७ अंशांवर ढवळत ठेवायचा, कोलॅजेन घालायचं, आणि गुठळ्या होतील तसा आरपार जाणारा प्रकाश किती वाढतो त्याचा आलेख पाहायचा.

प्राण्यापासून घेतलेलं द्रव्य म्हणून कुणाला खटकत असेल, तर ते रुग्णाच्या शरीरात जात नाही, नळीतच राहतं. पूर्णपणे कृत्रिम पेप्टाइड उपलब्ध आहे, पण ते प्लेटलेटवरच्या ग्लायकोप्रोटीन ६ या एकाच ग्राहीला (कोलॅजेन ओळखणाऱ्या रेणूला) चेतवतं. अल्फा-२ बीटा-१ ही दुसरी ग्राही त्याला धरत नाही. म्हणून ते पूरक आहे, पर्याय नाही. सौंदर्यासाठी विकल्या जाणाऱ्या कोलॅजेन पावडरीशी मात्र याची गल्लत नको. त्या पावडरीत तिपेडी रचना मोडून तुकडे झालेले असतात, आणि प्लेटलेट ओळखतात ती नेमकी ती तिपेडी रचना.

तीच रचना लॅबमध्येही मोडू शकते. कोलॅजेनची बाटली २ ते ८ अंशांवर ठेवायची. कुणी चुकून फ्रीझरमध्ये ठेवली, तर तंतूंची मांडणी बिघडते, ताकद जाते, आणि धडधाकट माणसाचा आलेखही सपाट येतो. तंतू तळाशी बसतात, म्हणून घेण्याआधी बाटली नीट हलवायची. पातळ करायला सलाईन चालत नाही. तंतूंचे गुंते होतात. निर्मात्याने दिलेला आम्लधर्मी ग्लुकोज बफरच हवा. मूळ द्रावण १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असेल, तर त्यातले २० मायक्रोलिटर ९८० मायक्रोलिटर बफरमध्ये घ्यायचे, आणि त्या मिश्रणातले ५० मायक्रोलिटर ४५० मायक्रोलिटर प्लाझ्मात घालायचे. शेवटची तीव्रता होते मिलिलिटरमागे २ मायक्रोग्रॅम. आंतरराष्ट्रीय थ्रॉम्बोसिस व हिमोस्टॅसिस संघटनेच्या समितीने २०१३ मध्ये पहिल्या तपासणीसाठी हीच तीव्रता सुचवली. ती ५ मायक्रोग्रॅमवर नेली, तर ऍस्पिरिनचा परिणाम आणि सौम्य दोष दोन्ही झाकले जातात.

खरी पडझड होते ती नमुन्यात. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर रक्त घेऊन थर्मोकोलच्या खोक्यात बर्फासोबत पुण्या-मुंबईला पाठवलं, तर या टेस्टसाठी ते रक्त वाया गेलं. थंडीने प्लेटलेटचा चपटा आकार जातो, आणि रक्त काढल्यापासून ४ तासांत सगळं उरकावं लागतं. रुग्णालाच लॅबमध्ये बोलवायला हवं. रक्त ३.२ टक्के सोडियम सायट्रेटमध्ये (त्याने ते गोठत नाही), ९ भागाला १ या प्रमाणात, नळीच्या खुणेपर्यंत. मग सामान्य तापमानाला २०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या २०० पट जोर), १० मिनिटं, सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद. वरचा प्लाझ्मा काढल्यावर उरलेलं रक्त १५०० जी ला १५ मिनिटं फिरवलं की तुलनेसाठी जवळजवळ प्लेटलेटविरहित प्लाझ्मा मिळतो. प्लेटलेट असलेला प्लाझ्मा पाव तास तसाच ठेवायचा. नंतर ती नळी उजेडासमोर अलगद हलवून पाहावी: आत रेशमासारखी चकाकती वलयं फिरताना दिसली, तर प्लेटलेट तजेलदार आहेत. वलयं नसतील, तर आधी नमुन्यावर संशय घ्यावा, रुग्णावर नाही.

यंत्रात ढवळणारी कांडी मिनिटाला १००० फेऱ्यांनी फिरते. ती टाकायची राहिली, तर प्लेटलेट एकमेकींवर आदळतच नाहीत आणि रेघ सपाट येते. कोलॅजेन घातल्यावर साधारण मिनिटभराच्या आत शांतता, मग रेघ किंचित खाली (प्लेटलेट आकार बदलतात), आणि नंतर एकदम चढण. शांतता लांबली, तर तेही रिपोर्टमध्ये यायला हवं; शेवटच्या टक्केवारीत ते दिसत नाही.

कोलॅजेनचा आलेख एकटा वाचू नये; प्लेटलेटना चेतवणारी इतर द्रव्यंही घालून पाहतात. कोलॅजेन, एडीपी, एपिनेफ्रिन या सगळ्यांना प्रतिसाद नाही पण रिस्टोसेटिनला आहे, असं दिसलं तर ग्लान्झमन आजाराचा (यात प्लेटलेट एकमेकींना धरू शकत नाहीत) विचार करावा. हा आनुवंशिक आजार आहे आणि नात्यातल्या लग्नांतून जन्मलेल्या मुलांमध्ये जास्त आढळतो. कोलॅजेनला प्रतिसाद चांगला आणि रिस्टोसेटिनला शून्य, तर बर्नार्ड-सोलिए किंवा फॉन विलेब्रँड या आजारांचा (यांत प्लेटलेट जखमेला नीट चिकटत नाहीत). कोलॅजेनचा लेप असलेल्या काडतुसांचं छोटं यंत्रही काही ठिकाणी असतं. पण हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) फार कमी असेल, तर ते खोटा दोष दाखवतं, आणि पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या बायकांमध्ये ऍनिमिया बऱ्याचदा असतो.

लॅबचालकांना आमची मागणी आहे की रिपोर्टवर चार गोष्टी छापाव्यात: कोलॅजेनची शेवटची तीव्रता, रक्त काढल्याची व टेस्टची वेळ, प्लाझ्मातला काउंट (तो मायक्रोलिटरमागे दीड लाखाच्या खाली असेल तर निष्कर्ष बेताने काढावा), आणि त्याच दिवशी निरोगी माणसाच्या रक्तावर आलेला आलेख.

रुग्णांनी वेळ घेतानाच सगळ्या गोळ्या सांगाव्यात. डोकेदुखीसाठी घेतलेली डिस्प्रिनची एक गोळीसुद्धा ७ ते १० दिवस आलेख बिघडवते. आयबुप्रोफेन असलेली वेदनाशामकं किमान ३ दिवस आधी थांबवावी लागतात. हृदयरोगासाठी ऍस्पिरिन चालू असेल, तर ती स्वतःहून बंद करू नये, डॉक्टरांनाच विचारावं.

कळावे,
रक्तविकार तपासणी करणारे काही तंत्रज्ञ, मुंबई