इंडक्शन की गॅस? बिलाचा शेवटचा टप्पा बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंडक्शन शेगडी घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकाला दुकानात हमखास ऐकवतात : गॅसची निम्मी उष्णता वाया जाते, इंडक्शनची पंच्याऐंशी टक्के भांड्यात उतरते. आकडा फारसा चुकीचा नाही. पण बिल त्यावर निघत नाही.

१४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये विजेच्या मापात साधारण १८० युनिट उष्णता असते. भारतीय मानकाप्रमाणे गॅसच्या शेगडीची कार्यक्षमता किमान ६८ टक्के हवी, म्हणजे १२२ युनिट भांड्याला मिळतात. ही झाली प्रयोगशाळेतली गोष्ट. डोक्यावर पंखा, मोठ्या बर्नरवर चहाचं एवढंसं पातेलं, अर्धी छिद्रं बुजलेली, असा नेहमीचा थाट असेल तर १०० मिळाले तरी खूप. तेवढंच काम इंडक्शनवर करायला १२० ते १४५ युनिट वीज लागते. म्हणून सिलिंडर घरपोच ज्या भावाने पडतो, त्याला या दोन आकड्यांनी भागावं. ९०० रुपये धरले तर उत्तर साडेसात आणि सव्वासहा रुपये. युनिट सव्वासहाहून स्वस्त पडत असेल तर इंडक्शन, साडेसाताहून महाग असेल तर गॅस; मधे असेल तर आपली गॅसची शेगडी किती नीट चालते त्यावर.

मात्र युनिटचा भाव काढताना बहुतेक जण एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागतात. ते चूक आहे. स्थिर आकार इंडक्शन घेतलं नाही तरी भरावाच लागतो, आणि शेगडीचे युनिट चढतात ते नेहमी वरच्या टप्प्यात. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. आपण ज्या टप्प्यात संपतो त्याचा वीज आकार, अधिक वहन आकार आणि इंधन समायोजन, त्यावर १६ टक्के वीज शुल्क, हा शेगडीच्या युनिटचा खरा भाव. नागपुरात थंडीत शंभराच्या आत राहणारं घर मे महिन्यात कूलर-एसीपायी सहज तीनशे ओलांडतं. तीच इंडक्शन शेगडी जानेवारीत पैसे वाचवू शकते आणि मेमध्ये बिल फुगवते.

पंचाईत अशी, की ४५ अंशांत ज्योतीपुढे उभं राहवत नाही तोही मेच. त्यातून कूलरचा झोत ओट्यापर्यंत आला की ज्योत आडवी होते आणि कुकरच्या शिट्टीला वेळ लागतो. ओट्याच्या त्या बाजूला पत्र्याचा आडोसा लावला तरी फरक पडतो. ज्योत पिवळी होऊन भांड्याचं बूड काळं पडत असेल तर आधी बर्नरची छिद्रं टाचणीने मोकळी करा. तरीही निळी झाली नाही तर हवेची झडप मेकॅनिककडून बघून घ्या.

इंडक्शनच्या तक्रारी वेगळ्या. २००० वॅटची शेगडी जवळजवळ नऊ अँपिअर ओढते. तिला १६ अँपिअरचा सॉकेट आणि किमान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार हवी. दिव्याच्या सॉकेटला अडॅप्टर जोडून चालवली की पिना तापतात, प्लास्टिक वितळतं. खालच्या पंख्याला हवा मिळावी म्हणून शेगडी भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा. प्लास्टिकच्या टेबलक्लॉथवर तर नकोच. आतल्या उबेला झुरळं जमतात आणि सर्किटवर फिरताना शॉर्ट करतात. स्वस्त शेगड्या मंद आचेवर ताकद कमी न करता थांबून थांबून पूर्ण ताकदीने चालतात, म्हणून दूध आटवताना तळाशी लागतं.

इतवारीच्या बाजारात भांडी घेताना लोहचुंबक सोबत न्या. बुडाला घट्ट चिकटलं तरच भांडं चालेल. साधा ॲल्युमिनियमचा कुकर चालणार नाही. लोखंडी तवा चालतो, पण कॉइलच्या वर्तुळाबाहेर तो थंड राहतो. ज्वारीची भाकरी मधे करपते, कडा कच्च्या. भरताचं वांगं भाजायला तर ज्योतच हवी.

पर्यावरणाच्या नावाने इंडक्शन घेणाऱ्यांनी कोराडीच्या वीज केंद्राची चिमणीही बघावी. तिथे कोळशातल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्साच वीज होतो, पुढे तारांत गळती वेगळी. छतावर सौर पॅनेल आणि नेट मीटर (जादा वीज बिलातून वळती करणारा) असेल, वर्षाअखेर युनिट शिल्लक राहत असतील, तर मात्र हा सगळा हिशेब बदलतो. अशा घरात भाकरी आणि भरतापुरता एक बर्नर ठेवून बाकी सगळं इंडक्शनवर न्यायला हरकत नाही.

आपला,
एक वाचक, नागपूर