साऊथ हेडलँडहून मित्रास

साऊथ हेडलँड, पश्चिम ऑस्ट्रेलिया
दि. १५ जून २०२५

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. गडचिरोलीतल्या आलापल्लीला तुझी बदली झाल्याचे वाचून आनंद झाला आणि थोडी काळजीही वाटली. सूरजागडच्या लोहखनिजामागोमाग त्या भागात वसाहती उठतील, त्यांचे आराखडे केव्हातरी तुझ्या टेबलावर येतील, आणि म्हणून पंधरा वर्षे लोहखनिजाच्या गावात काढलेल्या माझ्यासारख्याने स्वतः पाहिलेले तुला सविस्तर कळवावे, अशी तुझी इच्छा आहे. चंद्रपूरला कॉलेजात असताना वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीच्या, क्वार्टरांसमोरून जाताना अशा वसाहतींवरून आपण वाद घालायचो, त्याच वादाचा हा पुढचा भाग समज.

प्रथम जागा डोळ्यांपुढे आण. पर्थपासून उत्तरेला रस्त्याने १,६०० किलोमीटरहून अधिक अंतरावर, पिलबारा प्रदेशाच्या किनाऱ्यावर पोर्ट हेडलँड हे बंदर आहे. भूमी मूळची कारियारा या आदिवासी लोकांची. ऑस्ट्रेलियाने १९३८ मध्ये लोहखनिजाच्या निर्यातीवर घातलेली बंदी १९६० मध्ये उठली. त्यानंतर १९६६ मध्ये गोल्ड्सवर्दी खाणीचे आणि १९६९ मध्ये ४२६ किलोमीटरच्या नव्या रेल्वेने माउंट न्यूमन खाणीचे खनिज या बंदरात येऊ लागले. जुने गाव मात्र समुद्र, खाजण आणि तिवरांच्या मध्ये अडकलेल्या चिंचोळ्या पट्टीवर होते, तिथे वाढायला जागाच नव्हती. म्हणून साधारण १८ किलोमीटर आत, सपाट तांबड्या माळावर, साठच्या दशकात नवे उपनगर आखले गेले. तेच हे साऊथ हेडलँड. आज दोन्ही मिळून लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेनुसार १५,००० च्या थोडी वर आहे आणि त्यातले बहुतेक लोक या आतल्या उपनगरात राहतात. एवढ्याशा वस्तीच्या बंदरातून वर्षाला ५० कोटी टनांहून अधिक माल जातो. सुट्ट्या मालाच्या निर्यातीत जगात याच्या पुढे दुसरे बंदर नाही.

आता आखणीविषयी लिहितो, कारण तुझ्या कामाला हे सर्वांत जवळचे आहे. त्या काळी रॅडबर्न नावाची पद्धत नियोजनकारांच्या फार आवडीची होती. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रॅडबर्न गावात १९२९ च्या सुमारास ती प्रथम वापरली गेली. घराचे तोंड आतल्या सामाईक हिरवळीकडे आणि पाठ रस्त्याकडे असावी, मोटारी मागच्या बाजूने याव्यात आणि मुलांनी गाडीच्या भीतीविना पायवाटांवर खेळावे, अशी ती कल्पना होती. कागदावर ती आजही मोहक दिसते. इथे तिच्यासाठी ना पाऊस होता, ना सावली. चार महिने चाळीस अंशांच्या आसपास तापणाऱ्या माळावर हिरवळ टिकली नाही, पायवाटांवर कोणी चालेना, घरांच्या पाठी रस्त्याकडे असल्याने शेजारी शेजाऱ्याला दिसेना, आणि दोन कुंपणांमधल्या अंधाऱ्या बोळांतून रात्री जायला लोक घाबरू लागले. पुढे सरकारी गृहनिर्माण खात्याने कित्येक बोळ बंद केले, घरांची दारे रस्त्याकडे फिरवली, काही घरे पाडली. एका चुकीच्या दिशेची किंमत रहिवाशांनी तीस वर्षे मोजली. मी पहिल्यांदा आलो तेव्हा एका सहकाऱ्याचे घर शोधत असताना तीन वेळा त्याच्या परसदारी पोहोचलो आणि दर्शनी दार काही सापडेना. त्या संध्याकाळी जे उमगले, ते नियोजनाच्या कोणत्याही पुस्तकात मी वाचले नव्हते.

लोकसंख्येचा आकडा इथे फार जपून वाचावा लागतो. इथल्या पुष्कळ कामगारांना फिफो म्हणतात, म्हणजे विमानाने येणारे, पाळी संपली की विमानाने घरी परतणारे. कोणी दोन आठवडे काम करून एक आठवडा जातो, कोणाचे आठ दिवसांवर सहा दिवस. विमानतळाजवळच्या छावण्यांत त्यांच्यासाठी ओळीने पत्र्याच्या खोल्या मांडलेल्या असतात. त्या खोलीला इथे ‘डोंगा’ म्हणतात. वैनगंगेतला डोंगा आठवून पहिल्या दिवशी मला भरून आले होते. जनगणनेत हा माणूस नेहमीच्या राहत्या ठिकाणी, बहुधा पर्थमध्ये, रहिवासी म्हणून मोजला जातो. पण तो इथले पाणी वापरतो, इथल्या रस्त्यावरून जातो, छातीत दुखू लागले तर इथल्याच दवाखान्यात येतो. शाळा, दवाखाना, मलनिस्सारण यांचे पैसे मागताना नगरपालिकेच्या हाती रहिवाशांचा आकडा असतो, आणि भार पडतो तो सर्वांचा.

हे असे का झाले, त्यालाही कारणे आहेत. पूर्वी खाणकंपन्या स्वतः गावे बांधत. गोल्ड्सवर्दी आणि शे गॅप ही तशीच गावे होती. खनिज संपल्यावर नव्वदच्या दशकाच्या आरंभी ती बंद झाली आणि घरेसुद्धा उचलून नेली गेली. त्यातच १९८६ मध्ये देशात नोकरीबरोबर मिळणाऱ्या सवलतींवर कर आला. त्यामुळे कुटुंबाला घर देण्यापेक्षा कामगाराला विमानाने आणणे आणि छावणीत ठेवणे कंपनीला सोपे पडू लागले. त्यांच्या हिशेबाने ते बरोबर असेल, पण माझ्या मते गावाचा कणा तिथेच मोडला.

आता घरांची कथा. मी २०१० मध्ये आलो तेव्हा तेजी ऐन भरात होती. चीनला पोलाद हवे होते, आणि २०११ च्या आरंभी खनिजाचा भाव टनाला १९० अमेरिकी डॉलरच्या आसपास गेला होता. राज्य सरकारने २००९ मध्ये ‘पिलबारा सिटीज’ ही योजना जाहीर केली होती. २०३५ पर्यंत पोर्ट हेडलँड आणि पिलबारातलेच काराथा यांची वस्ती प्रत्येकी ५०,००० करायची, असा संकल्प होता. खाणींच्या स्वामित्वधनातला (रॉयल्टीतला) चौथा हिस्सा ग्रामीण भागाला देण्याचे धोरण असल्याने पैसाही होता. त्यातून जे झाले त्यातले बरेच आजही कामी येते. २०१० मध्ये आमचे नवे रुग्णालय बंदरावरून इथे, साऊथ हेडलँडमध्ये आले. २०१२ मध्ये वानांगकुरा हे क्रीडागृह उभे राहिले. भर उन्हाळ्यात मुलांना खेळायला थंड छप्पर मिळाले, ही गोष्ट मला कोणत्याही पुलापेक्षा मोठी वाटते.

पण त्याच वर्षांत घरे सामान्य माणसाच्या हातून निसटली. साध्या तीन खोल्यांच्या घराचे भाडे आठवड्याला २,००० ऑस्ट्रेलियन डॉलरवर गेले. महिन्याला नव्हे, आठवड्याला. बंदराकडच्या घरांच्या किमती दहा लाख डॉलरच्या पुढे गेल्या. खाणकंपनी आपल्या माणसाचे भाडे भरे, पण दुकानातल्या मुलीचे, बालवाडीच्या बाईंचे, न्हाव्याचे भाडे कोण भरणार? आमच्या घरमालकाने दोन महिन्यांची मुदत देऊन घर रिकामे करायला सांगितले, कारण एक कंपनी त्याला दुप्पट भाडे देत होती. बायको तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होती. एका मित्राच्या मागच्या खोलीत आम्ही अकरा आठवडे काढले. पाव आणायला जायचो त्या बेकरीच्या दारावर पाटी लागली की कामाला माणसे नसल्याने सोमवार ते बुधवार बंद. खरेदीदार रांगेत उभे होते, पण पाव भाजायला येणाऱ्याला गावात झोपायला जागा नव्हती.

सेवा देणाऱ्या लोकांसाठी अखेर ऑस्प्रे व्हिलेज नावाची २९३ घरांची वसाहत झाली, तिथे भाडे उत्पन्नाकडे पाहून ठरे. कल्पना अगदी योग्य होती, वेळ मात्र चुकली. खाणी आणि धक्के बांधण्याचे काम संपत आले, चालवायला त्यापेक्षा फार थोडी माणसे लागतात, आणि २०१५ च्या डिसेंबरात खनिजाचा भाव ४० डॉलरच्याही खाली घसरला. माझ्या रस्त्यावर एकाच वेळी नऊ घरांसमोर विक्रीच्या पाट्या होत्या. तेजीत घेतलेले घर चौथ्या हिश्शाच्या किमतीला विकून, उरलेले कर्ज डोक्यावर घेऊन गाव सोडणारी कुटुंबे मी पाहिली. त्यांत एक आपल्या कोल्हापूरकडचे होते. सामान भरलेल्या ट्रकशेजारी ते गृहस्थ उभे होते आणि अंगणात लावलेल्या कढीपत्त्याला शेवटचे पाणी घालत होते. ते झाड आता आमच्या अंगणात आहे.

त्या मंदीत इथे जवळजवळ कोणी घर बांधले नाही. ‘मागणी नाही’ असे म्हणून सगळे थांबले, आणि २०२१ मध्ये भाव पुन्हा चढून २०० डॉलरच्या पलीकडे गेला तेव्हा गाव पुन्हा घरांविना उघडे पडले. भाडी परत चढली, परिचारिका आणि शिक्षक नेमले जातात पण त्यांना राहायला घर नाही, ही स्थिती परत आली. खनिजाचा भाव वर्षभरात दुप्पट होऊ शकतो, घर मात्र जागा, परवानगी, माल, कारागीर हे सारे जमून उठायला दोन-तीन वर्षे घेते. भावाकडे पाहून बांधायला निघालेला माणूस इथे प्रत्येक वेळी उशिराच पोहोचतो. मंदीत, घरे रिकामी दिसत असताना बांधत राहण्याचे धैर्य आणि पैसा फक्त सरकारकडे असू शकतो, आणि तुझ्याकडचा आराखडा वाचताना मला तुझ्याकडून हीच हुज्जत हवी आहे.

घर बांधणे महाग का पडते, हे माझ्या, बांधकाम तपासनिसाच्या, रोजच्या कामातले आहे. देशाच्या बांधकाम नियमांत हा किनारा वादळाच्या सर्वांत कडक वर्गात मोडतो. छपराच्या प्रत्येक कैचीपासून पायापर्यंत लोखंडी सळी अखंड न्यावी लागते, खिडक्यांना जाळ्या लावाव्या लागतात, आणि एक नट ढिला दिसला तरी मी सही करत नाही. २००७ च्या मार्चमधल्या जॉर्ज वादळात रेल्वे बांधकामाच्या छावणीतले डोंगे उलटून माणसे दगावली, ती गोष्ट इथला प्रत्येक तपासनीस मनात ठेवतो. त्यात विटेपासून नळाच्या तोटीपर्यंत बहुतेक माल पर्थहून ट्रकने येतो.

पाणी आणि वीज यांबाबत तक्रार करण्यासारखे थोडे आहे. पाणी यूल आणि डी ग्रे या नद्यांच्या पात्रांलगतच्या कूपनलिकांतून येते. पावसाळा सोडला तर नद्या वरून कोरड्या आणि खाली भरलेल्या, अगदी आपल्या वाळूतल्या झऱ्यासारख्या. विजेसाठी २०१७ मध्ये वायूवर चालणारे १५० मेगावॅटचे केंद्र सुरू झाले. एसी बंद पडणे म्हणजे इथे संकटच, त्यामुळे हे केंद्र आल्यावर आम्ही सगळेच निर्धास्त झालो.

धुळीविषयी तू आवर्जून विचारले आहेस. घुग्घुसच्या कोळशाच्या काळ्या धुळीची सवय असलेल्या मला इथली लाल धूळ प्रथम देखणी वाटली. एसीची जाळी मी दर शनिवारी धुतो आणि बादलीतले पाणी गेरू कालवल्यासारखे होते. बंदरालगतच्या वेस्ट एंड भागात खनिजाचे ढीग घरांना इतके जवळ आहेत की आरोग्य खात्याने धोक्याचा अभ्यास केला, आणि २०१९ मध्ये सरकारने तिथली घरे मालकांच्या राजीखुशीने विकत घेण्याची योजना जाहीर केली. पैसा निर्यातदार कंपन्यांचा. त्यातून तिथली माणसे उठली आणि अनेकांचा ओढा साहजिकच आमच्या उपनगराकडे वळला. साठ वर्षांपूर्वी अंतर ठेवून हे उपनगर वसवणाऱ्यांचे घरांच्या तोंडाबाबत चुकले, पण १८ किलोमीटरच्या बाबतीत त्यांचे आभार मानायला हवेत.

एक गोष्ट लिहिताना मन जड होते. इथल्या सरकारी घरांत राहणाऱ्यांत आदिवासी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. १९४६ मध्ये पिलबारातल्या पशुपालनाच्या मळ्यांवर राबणाऱ्या त्यांच्या आजोबांनी योग्य मजुरीसाठी संप पुकारला, आणि तो १९४९ पर्यंत चालवला. त्यांच्याच नातवंडांच्या घरात दोन खोल्यांत दहा-बारा माणसे राहताना मी तपासणीच्या वेळी पाहिली आहेत, आणि त्याच वेळी शेजारच्या गल्लीत गुंतवणूकदाराचे कुलूपबंद घर उभे होते. दोन किलोमीटरहून लांब खनिजगाडी जाताना त्या घरांच्या खिडक्या थरथरतात. खनिज ज्यांच्या भूमीतून निघते त्यांना घर शेवटी मिळते, हे मला कोणत्याही हिशेबात बसवता आलेले नाही. एटापल्लीच्या माडिया आदिवासींच्या गावांविषयी तू लिहिलेस तेव्हा मला हीच घरे आठवली.

आम्ही मात्र इथेच राहणार आहोत. मुलगी इथल्या शाळेत आठवीत आहे, बायको रुग्णालयात आहे, आणि २०१८ च्या मंदीत आम्ही घेतलेल्या घराचे हप्ते पगारात बसतात. अवघड दुखण्यासाठी आजही फ्लाइंग डॉक्टरच्या विमानाने पर्थला जावे लागते, पण आमच्या गल्लीतल्या अकरा घरांपैकी सातांत आता लहान मुले आहेत. पूर्वी दोनच होती.

वसाहतीचा नकाशा हाती आला की मला त्याची प्रत पाठव. त्यात दाराची दिशा, झाडांसाठी सोडलेली जागा आणि अंगणवाडीच्या सेविकेसाठी, कंपाउंडरसाठी, दुकानदारासाठी राखून ठेवलेल्या घरांची संख्या एवढे तीन तपशील आधी पाहा. संख्या लिहिलेली नसेल तर ती लिहून घेतल्याशिवाय फाइल पुढे सरकवू नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आईंच्या गुडघ्याचे कसे आहे, ते पुढच्या पत्रात अवश्य लिही.

तुझा,
जुना खोलीसोबती