बेटाच्या चित्रात उंदीरही नेमका हवा

संपादक महोदय,

दुर्गम बेटं आणि तिथे बाहेरून आलेले प्राणी हा विषय विद्यार्थी हल्ली छापचित्रांसाठी निवडतात, याचा आनंद वाटतो. मात्र मूळचा जीव मन लावून काढायचा आणि उंदीर लाल डोळ्यांचा राक्षस करायचा, ही सवय सुटायला हवी. उंदीर स्वतःहून गेला नव्हता.

ऑस्ट्रेलियाचं लॉर्ड हाव बेट घ्या. १९१८ मध्ये ‘मकांबो’ जहाज तिथे खडकाला लागलं आणि त्यातले काळे उंदीर किनाऱ्यावर उतरले. थोड्याच वर्षांत तिथला बिनपंखी काडीकिडा बेटावरून नाहीसा झाला, पाच प्रकारचे पक्षीही गेले. २००१ मध्ये हा किडा सुमारे २३ किलोमीटरवरच्या बॉल्स पिरॅमिड या समुद्रातल्या सुळक्यावर, झुडपांत जिवंत सापडला. म्हणून उंदीर आणणारं जहाजही चित्रात हवंच.

काळ्या उंदराची शेपटी डोकं-धड मिळून होणाऱ्या लांबीपेक्षा मोठी असते, कान मोठे आणि पातळ. गटारातल्या जाडजूड उंदराचा फोटो समोर ठेवला की इथेच घात होतो. पूर्ण वाढलेला किडा १२-१५ सेंटिमीटरचा, चकचकीत काळपट, पिल्लं हिरवी. किडा उंदराच्या धडाच्या जवळपास लांबीचा दिसला पाहिजे.

लिनोकटमध्ये, म्हणजे लिनो (लिनोलियम) या मऊ पत्र्यावर चित्र कोरून छापताना, छाप उलटा उमटतो. किड्याचं त्याने बिघडत नाही, पण सुळक्याची ओळखीची कड उलटते. म्हणून ट्रेसिंग पेपर पालथा घालूनच रेखाटन उतरवा. लिनो थंडीत कडक होऊन तुकडे उडतात, तो थोडा वेळ उन्हात ठेवा. मिशा आणि पाय किमान एक मिलिमीटर रुंद ठेवा. त्यांच्या कडा आतून पोखरल्या तर रोलर दाबताच रेषा तुटते. कड बाहेरच्या बाजूला उतरती कापायची. हत्यारापुढे दुसरा हात कधीही नको. शाई रोलरखाली बारीक चुरचुरली पाहिजे; चिकट, पचपच आवाज आला तर थर जाड आहे आणि बारीक खाचा बुजणार. मग शाई वाढवू नका, काचेवर पुन्हा पसरून पातळ करा. प्रेस नसेल तर चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घासा आणि कागदाचा एक कोपरा उचलून छाप तपासा, बाकीचा कागद हलू न देता.

प्रदर्शन भरवणाऱ्यांना एक विनंती: चित्राखालच्या पाटीवर किड्याच्या नावाशेजारी उंदराची जात आणि १९१८ हे सालही छापा.

एक मुद्राचित्रकार, पुणे