भिगवणच्या फोटोबद्दल

नाशिक, १२ डिसेंबर

प्रिय बाळ्या,

तू घार म्हणून पाठवलेला भिगवणच्या पक्ष्याचा फोटो मिळाला, चार वेळा झूम करून बघितला. घार नाहीये रे ती. दलदली भोवत्याची मादी आहे, पाणथळीवरचा शिकारी पक्षी, मार्श हॅरियर! रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी बसमध्ये होतो, काही ऐकूच येईना, म्हणून आज निवांत लिहितोय.

आधी शेपूट बघ. घारीच्या शेपटीला खाच असते आणि वळताना ती शेपूट पिळते, तुझ्या पक्ष्याची लांब आणि टोकाला गोलसर आहे. मग पंख. घार तरंगते तेव्हा ते जवळपास सपाट असतात, भोवत्याचे वर उचललेले, व्ही अक्षरासारखे. डोक्याचा सायीसारखा रंग मी सगळ्यात शेवटी बघतो, कारण ऊन पक्ष्याच्या मागून आलं की सगळेच काळे दिसतात आणि रंगावर गेलं की फसायला होतं.

मला हे नांदूरमधमेश्वरने शिकवलं. गोदावरी आणि कादवा मिळतात तिथला बंधारा गाळाने भरत गेला, पाणी उथळ झालं, पाणकणीस माजलं, आणि भोवत्याला तेच तर हवं असतं. २०२० ला ते रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं, महाराष्ट्रातलं पहिलं, तेव्हा मला घरातल्या कुणाचा तरी नंबर आल्यासारखं वाटलं होतं. गेल्या जानेवारीत चापडगावच्या बाजूला उभा होतो, निफाडची थंडी तुला माहितीये, दुर्बीण धरून बोटं बधिर झालेली. पाण्यावर वारकरी, म्हणजे ते काळे पाणपक्षी, कूट, पसरलेले, आणि एकदम सगळे पोहत पोहत एकमेकांना चिकटले, पाण्यावर काळी घोंगडी टाकावी तसे. वर बघतो तर पाणकणसाला घासत भोवत्या येतोय, चार-पाच वेळा पंख मारतोय की तरंगतोय, परत पंख मारतोय. तेव्हापासून मी आधी वारकऱ्यांकडे बघतो, त्यांना आपल्या आधी कळतं.

माळावरच्या भोवत्यांचं मात्र अवघड आहे. नर सोपे, माँटेग्यूच्या भोवत्याच्या पंखावर आडवी काळी रेघ असते, पांढुरका भोवत्या जवळजवळ पांढराच आणि पंखाच्या टोकाला फक्त काळी पाचर. पण माद्या दोघांच्याही तपकिरी, दोघींच्या कमरेवर पांढरा पट्टा. पांढुरक्याच्या मादीला गालामागे फिकट कॉलर असते, ती दिसली तर दिसली. नाही दिसली तर मी वहीत "भोवत्या, मादी" एवढंच लिहितो. अंदाजाने नाव टाकायचं नाही, तूही टाकू नकोस, नंतर कुणीतरी ती नोंद खरी धरून चालतं.

आणि ऑस्प्रे तुला बघायचाच आहे. खालून पांढराशुभ्र, डोळ्यावरून काळा पट्टा, पाय पुढे करून धाडकन पाण्यात पडतो आणि मासा डोकं पुढे धरून नेतो, म्हणजे वारा कमी लागतो. मी एकदाच इतक्या जवळून बघितला, मासा पंजात शेपूट हलवत होता अजून.

जानेवारीत ये, मार्चमध्ये हे सगळे परतीला लागतात. शनिवारी रात्री पोच, रविवारी पहाटे पाचला निघू. स्वेटर आण, आणि त्या भोवत्याचे बाकीचे फोटो असतील तर आधी पाठव, उडतानाचे.

तुझा,
पम्या