विसार देण्याआधी

चि. पिंट्यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, "बाबा, पाच गुंठे जागा आहे, शनिवारी विसाराची आगाऊ रक्कम दिली नाही तर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे." आई शेजारी बसून डोळे वटारत होती, पोराच्या उत्साहात मोडता घालू नका म्हणून. फोनवर गप्प बसलो, आता लिहितोय.

दुसरं गिऱ्हाईक नेहमीच तयार असतं. 1996 साली मलाही हेच सांगितलं होतं. विकणारा ओळखीचा, सातबाऱ्यावर एकट्याचं नाव, वकीलही त्यानंच आणलेला. मला वाटलं, फी वाचली! दोन वर्षांनी त्याची सासरी दिलेली बहीण वाटणी मागत कोर्टात उभी राहिली. बाप वारल्यावर वारस म्हणून तिचं नाव लागलंच नव्हतं, तिनं हक्क सोडल्याचं हक्कसोडपत्र तर दूरच. कोल्हापुरात सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टात मी अकरा वर्षं तारखा मोजल्या. वकील खोटं बोलला नव्हता रे. मी विचारलंच नव्हतं, आणि तो माझा नव्हता.

म्हणून वकील तुझा तू बघ, एजंटानं सुचवलेला नको. तीस वर्षांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदींचा सर्च काढू दे, जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, वाचू दे. जमीन वर्ग दोनची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी, किंवा देवळाला दिलेल्या देवस्थान इनामाची निघाली तर तिथंच थांब. बिगरशेतीचा कागद आणि मंजूर लेआउट नसेल तर ती शेतजमीनच धरली जाऊ शकते, आणि शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहसा परवानगीशिवाय घेता येत नाही. जागा नदीच्या अंगाला आहे म्हणालास. 2019 च्या महापुरात आंबेवाडी-चिखलीत काय झालं ते तू पाहिलंयस. नदीच्या पुराची हद्द दाखवणाऱ्या निळ्या पूररेषेचा नकाशा मागव.

आता कराचं, सीएला विचारायचं. निम्मे रोख द्या म्हणतोय ना तो विकणारा? जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा जास्त रोख चालत नाही. खरेदीखतात किंमत रेडी रेकनरच्या सरकारी दरापेक्षा फार कमी दाखवली तर तो फरक तुझंच उत्पन्न धरून कर लागू शकतो. आणि दीड वर्षात विकून मोकळा होणार म्हणालास; 24 महिन्यांच्या आत विकलंस तर नफा पगारात मिसळून तुझ्या स्लॅबनं कर, नंतर विकलंस तर साडेबारा टक्के. हे हिशेब विसाराच्या आधी करायचे असतात.

वकिलाची फी जास्त वाटते म्हणे. एजंटाला दोन टक्के कबूल करताना वाटली नाही?

शनिवारी काही देऊ नकोस. रविवारी इकडे ये, कागदांच्या झेरॉक्स घेऊन. आई पांढरा रस्सा करणार आहे.

तुझे,
बाबा