पिकअपच्या हौद्यातली जादा टाकी: काकांना आभाराचं पत्र

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून लिहून कळवते आहे, आणि तेही चारचौघांत. अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळींपैकी ज्यांच्याकडे डिझेल पिकअप आहे आणि मागे ट्रेलर जोडायची हौस आहे, त्यांनाही डिझेलची जादा टाकी बसवायचं काम नीट करायचं म्हणजे काय करायचं ते कळू दे.

आमची नड तुम्ही पहिल्या भेटीतच ओळखली होती. मोठी दुर्बीण ट्रेलरमध्ये घालून आम्ही दोघं अंधाऱ्या आकाशाच्या शोधात दक्षिण युटाला जातो. तिथलं नॅचरल ब्रिजेस हे राष्ट्रीय स्मारक २००७ साली जगातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क', म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं उद्यान ठरलं. तिथे अंधार आहे कारण वस्ती नाही, आणि वस्ती नाही म्हणून पंपही नाही. वाटेतलं हँक्सव्हिल गाव सोडलं की पुढच्या ब्लँडिंग गावापर्यंत शंभराहून जास्त मैल डिझेलचा भरवसा धरता येत नाही. ट्रेलर लावला की आमची गाडी गॅलनला जेमतेम दहा मैल देते. शिवाय आडगावच्या छोट्या पंपावर एवढा लांब ट्रेलर आत घातला तर बाहेर काढताना घाम फुटतो. इंधनाचा काटा खाली जाताना बघत गाडी चालवण्यात प्रवासाचा सगळा आनंद जायचा.

दुकानात तर शंभर गॅलनची टाकी लगेच बसवून द्यायला तयार होते. तुम्ही मात्र आधी ड्रायव्हरचं दार उघडलंत आणि चौकटीवरच्या स्टिकरवर बोट ठेवलंत. माणसं आणि सामान मिळून गाडी किती वजन पेलते, तो आकडा. मग पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडलात. डिझेल गॅलनला सुमारे ७ पौंड, म्हणजे शंभर गॅलनचे ७०० पौंड, टाकीचं लोखंड वेगळं. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हुकवर येतो, तो वेगळा. आम्ही दोघं, पाणी, बॅटऱ्या वेगळ्या. बेरीज झाल्यावर तुम्ही म्हणालात, "चाळीस गॅलन. त्याच्या वर मी बसवणार नाही." तो कागद मी जपून ठेवला आहे. विकणाऱ्याने हा हिशेब कधीच मांडला नसता.

आमची गाडी पेट्रोलची असती तर या कामाला हातच लावला नसता, हेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत. पेट्रोलची वाफ कोंडून राहते आणि पेटते. हौद्यातल्या जादा टाकीतून उताराने गाडीच्या खालच्या मूळ टाकीत इंधन सोडण्याची ही रीत डिझेलपुरतीच.

काम करतानाचे तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर आहात. आधी हौद्यातला प्लास्टिकचा लायनर काढायला लावलात. त्यावर टाकी सरकते आणि स्थिर वीज साठते. (असा लायनर असलेल्या हौद्यात कॅन ठेवून पेट्रोल भरताना आगी लागल्या होत्या, आणि इथल्या नायोश (NIOSH) या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेने १९९८ मध्येच त्याबद्दल इशारा दिला होता. कॅन नेहमी जमिनीवर ठेवून भरावा, हे मी आता भेटेल त्याला सांगते.) मग भोकं पाडायची वेळ आली. हौद्याच्या पत्र्याखाली कुठे मूळ टाकी आहे, कुठे ब्रेकच्या नळ्या, कुठे वायरी, ते तुम्ही गाडीखाली पाठीवर झोपून हाताने चाचपलंत. काकू टॉर्च धरून होत्या. खडूने खुणा केल्यात आणि ड्रिलच्या पात्यावर लाकडाचा ठोकळा असा चढवलात की टोक जेमतेम अर्धा इंच बाहेर राहील. पत्रा फुटला की ठोकळा पत्र्याला टेकायचा आणि ड्रिल तिथेच थांबायचं. पिंपरीला टेल्कोत शिकलात म्हणालात. प्रत्येक बोल्टखाली जाड पट्टी, म्हणजे धक्क्याने पत्रा फाटणार नाही.

डिझेल भरायच्या नळीत टी-जोड, डिझेलसाठीचाच होज पाइप, प्रत्येक टोकाला दोन-दोन क्लिपा. खालची टाकी भरली की प्रवाह आपोआप बंद करणारा व्हॉल्व्ह होताच, तरी तुम्ही हाताने बंद करायचा कॉकही लावलात. गाडी उलटली तरी सांडू नये असं झाकण. टाकीपासून चेसिसपर्यंत अर्थिंगची वायर, तीही रंग खरवडून, चकचकीत लोखंडावर. मग थोडंसंच डिझेल ओतून खाली पुठ्ठा अंथरलात आणि प्रत्येक जोडाभोवती टिश्यू पेपर फिरवलात. एका ठिकाणी कागदाला पुसटसा डाग आला. मला तर तो दिसलाही नव्हता. तुम्ही सगळा जोड उघडून पुन्हा बसवलात, जेवण थांबवून.

लाल डिझेलचं तुम्ही सांगितलं नसतंत तर कोण सांगणार होतं? शेतीच्या यंत्रांसाठीचं करमाफ डिझेल लाल रंगाचं असतं, आणि रस्त्यावरच्या गाडीत ते सापडलं तर गॅलनला १० डॉलर किंवा १००० डॉलर, यांत जास्त असेल तो दंड. एखादा भला शेतकरी प्रेमाने देऊ करेल तरी घ्यायचं नाही. आम्ही नाही घेत.

भारतातून वाचणाऱ्यांनी मात्र याची नक्कल करू नये. तिथे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत असे बदल करायला मनाई करतं.

तुम्ही मजुरी घेतली नाहीत. सामानाचे पैसे घेतलेत तेही पावत्या दाखवून. गेल्या अमावास्येला नॅचरल ब्रिजेसला जाऊन आलो. वाटेत डिझेलचा विषयसुद्धा निघाला नाही. क्लिपा हंगामाच्या सुरुवातीला पुन्हा आवळून बघायच्या, हे लक्षात आहे. वसंतात गाडी घेऊन तुमच्याकडे येतो. या वेळी गाडीखाली मी शिरेन, तुम्ही खुर्चीवर बसून सांगा. काकूंना नमस्कार.

तुमचे ऋणी,
सॉल्ट लेक सिटीचे आम्ही दोघं